अम्मीचा सहावा रोजा

ईदचा दुसरा दिवस

काल दिवसभर माणसांची ये-जा, गळाभेटी, मुलांचा धुडगूस. आज घर एकदम ओकंबोकं झालंय.

ईदच्या नमाजनंतर इमामसाहेब म्हणाले, "महिनाभर जे कमावलंत, त्यातलं एक तरी घरी घेऊन जा. सगळं इथेच दाराशी टाकून जाऊ नका." लोक हसले. मी नाही हसलो. मला वाटलं, माझ्याकडे बघूनच बोलले. मी मनात म्हटलं, एक कशाला? चार नेतो. फजरची, म्हणजे पहाटेची नमाज वेळेवर. सिगरेट बंद. रोज कुराणाचं एक पान. आणि दुकानात आवाज चढवायचा नाही. रमजानभर हे सगळं जमलं, मग आता न जमायला काय झालं? ही दैनंदिनीसुद्धा त्यासाठीच. रोज आपला कान आपणच धरायचा.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "चार? अहो, एकच धरा, पण घट्ट धरा." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हिला माझी ताकद कळलेली नाही.

संध्याकाळी अजान झाली तेव्हा मी खाली दुकानात सोफ्याला रेक्झिन ठोकत होतो. महिनाभर याच वेळी वरच्या खोलीत चादर पसरून आम्ही पाचही जण बसायचो. अम्मी, बायको, आमची कॉलेजातली लेक, मी, आणि माझा धाकटा भाऊ. तो त्याच्या दुकानाच्या माळ्यावर एकटा राहतो, पण अम्मीचा हुकूम होता, रोजा इथेच सोडायचा. समोर खजूर, पाणी, फळं, आणि सगळ्यांचे कान अजानकडे. आज मी वर गेलो तर बायकोने ताट झाकून ठेवलेलं. लेक तिच्या खोलीत, कानात गाण्यांची बटणं घालून. अम्मी जेवून आडवी झालेली. धाकटा अर्थातच आला नाही. कशाला येईल?

बरं, नियम सुटले म्हणजे थोडा मोकळेपणा येणारच. मी एकटाच जेवलो. शांतपणे जेवता आलं.


गुरुवार

फजर साधली. सिगरेट नाही. कुराणाचं पान वाचलं. एक बाई खुर्च्यांचं कापड तिसऱ्यांदा बदलायला आल्या, तरी आवाज चढवला नाही. दात मात्र दुखतायत.


शुक्रवार

फजर हुकली. गजर झाला होता, असं बायको म्हणते. तिने मला हलवलंही होतं. मी म्हणे झोपेतच "उठलोय की" असं ठणकावून सांगितलं आणि कूस बदलली. यात माझा दोष नाही. रमजानमध्ये अम्मी उठवायची. "मोठ्या, ऊठ, चहा गार होतोय" म्हणत पायाच्या अंगठ्याला धरून ओढायची. गजराला काय अंगठा कळतो?


शनिवार

अम्मीने आज नवीनच काढलं. शव्वालचे सहा रोजे धरणार म्हणे. ईदनंतरच्या या महिन्यात सहा रोजे धरले तर मोठा सवाब, म्हणजे पुण्य, मिळतं. सक्ती नाही. सलग धरा, नाहीतर महिनाभरात सवडीने धरा. मी म्हटलं, "तुझी साखर? डॉक्टरांनी रमजानचेच रोजे हो-ना करत धरू दिले होते."

"म्हणून तर सवडीने धरते. पहिला आज धरलाय."

"आज? मला न विचारता?"

"तू झोपला होतास," अम्मी म्हणाली. पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

मग तिने लेकीकडून धाकट्याला फोन लावून घेतला. "संध्याकाळी ये. मला तुम्ही दोघं समोर असल्याशिवाय खजूर गिळत नाही." तो आला, पिशवीभर फळं घेऊन. पुन्हा चादर, पुन्हा पाच जण. उपवास एकटीचा आणि खाणारे सगळे. बायकोने सूप, गरम पोळ्या, सगळा थाट केला होता. लेकीच्या कानात बटणं नव्हती. ती आणि धाकटा कसल्याशा गोष्टीवर वाद घालत होते आणि अम्मी गालात हसत ऐकत होती. लेकीला आम्ही वकीलीण म्हणतो. ती हरत नाही, आणि धाकट्याला हरायला आवडतं.

धाकट्याबद्दल इथे लिहून ठेवतो. पूर्वी आमचं दुकान एक होतं. त्याला गाड्यांच्या सीटा शिवायच्या होत्या, मला सोफे सोडायचे नव्हते. तो वेगळा झाला. भांडण असं नाही. पण दोन गल्ल्यांचं अंतर असून ईदशिवाय भेट व्हायची नाही. या रमजानमध्येच काय ते रोज बसलो.

चहा घेताना तो म्हणाला, "भाई, मला एक नोकरी आलीय. बस बांधायचा कारखाना आहे, सीटांच्या खात्यावर मुकादम म्हणून. दिवसभराच्या प्रवासावर आहे. राहायला खोली देतायत."

मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार? मोठा माणूस आहे.

अम्मीने कप खाली ठेवला. "कधी निघणार?"

"ते म्हणतायत लगेच या."

"माझे सहा होईपर्यंत थांब."

"थांबतो अम्मी. तुझे सहा झाले की निघतो."

चांगला मुलगा आहे. आईचा शब्द खाली पडू देत नाही.


मंगळवार

अम्मीचा दुसरा रोजा. धाकटा लवकर आला आणि वर न जाता दुकानातच घुटमळला. मी कोपऱ्याच्या मोठ्या सोफ्यावर रेक्झिन चढवत होतो. एका बाजूने ताणावं तर दुसऱ्या बाजूला सुरकुती पडत होती. तो गुडघ्यावर बसला आणि दुसरं टोक धरलं. रेक्झिन ताणायला दोन माणसं लागतात, हे खरं तर आम्हाला अब्बांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. अर्ध्या तासात काम उरकलं. त्याला बहुतेक काम नसावं सध्या.

कुराणाचं पान राहिलं. सिगरेट नाही.


गुरुवार

एक ओढली. लिहायची लाज वाटते, पण लिहितो. गिऱ्हाइकाने पुढे केली आणि हात आपोआप गेला. तोंडात असताना चव लागली नाही, विझवल्यावर लागली. बायकोला वास आलाच. काही बोलली नाही, फक्त खिडकी उघडली. दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

धाकट्याने रमजानमध्ये सोडली ती सुटलीच. त्याच्यापुढे मी हे कबूल करणार नाही.


रविवार

अम्मीचा आणखी एक रोजा. ती म्हणाली, "तिसरा." मला वाटलं चौथा. शुक्रवारी एक झाला होता, मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी धाकट्याने सूप तीनदा घेतलं आणि मी बायकोला म्हटलं, हा आठवडाभराचं इथेच खाऊन घेतो. मी अम्मीला तसं सांगितलं तर म्हणाली, "शुक्रवारी मी नुसतीच जेवले नव्हते. भूक नव्हती."

असेल.

आज धाकटा, मी, वकीलीण आणि बायको चहानंतरही तसेच बसून राहिलो. कशावर बोललो ते आता आठवतही नाही. बराच वेळ हसलो एवढं खरं. दुकानात दिवसभर एकदाही आवाज चढला नाही. माझा निश्चय हळूहळू मुरतोय असं दिसतं. गंमत म्हणजे धाकटा दुपारपासून दुकानात असतो त्या दिवशी तो जास्त मुरतो. योगायोग.


बुधवार

आज अम्मी पुन्हा रोजा धरून बसली. मी विचारलं, "कितवा?"

तिने बोटं मोजली. करंगळीपासून सुरुवात केली, मधल्या बोटापाशी थांबली, परत मागे आली. "चौथा."

"अम्मी, निदान सहावा असेल. परवाही धरला होतास."

"तू धरलेस की मी?"

अब्बांच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी वार विसरायची, मग माणसं. मी बायकोला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात सांगितलं, "अम्मीची मोजणी चुकतेय." ती पातेल्यात बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी पाठीवर हात ठेवला.

वकीलीण म्हणाली, "अब्बा, दादीची मोजणी एकदम बरोबर आहे." तिला अजून आयुष्याची माहिती नाही.

धाकट्यालाही बाजूला घेऊन सांगितलं. त्याने आधी अम्मीकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाई, तिला मोजू दे ना." कारखान्याचा परत फोन आला होता, त्यांना थांबायला सांगितलंय म्हणाला.


शुक्रवार

गुपचूप परीक्षा घेतली. सहज विचारावं तसं विचारलं, "अम्मी, रविवारी सूप कसलं होतं गं?"

"मसुराचं. मीठ जास्त झालं होतं. तू बोलला नाहीस. चांगलं केलंस, सून थकली होती."

"आणि त्याआधी?"

"भाज्यांचं. धाकट्याने तीनदा घेतलं." एवढं बोलून ती एकदम थांबली आणि खोकू लागली.

म्हणजे आठवतंय सगळं, फक्त आकडा निसटतोय. असा काही आजार असतो का, डॉक्टरांनाच विचारायला हवं.


सोमवार

डॉक्टरांकडे नेलं. साखर तपासायच्या निमित्ताने. त्यांना आधीच फोन करून स्मरणशक्तीचं सांगितलं होतं. त्यांनी तिला शंभरातून सात-सात कमी करत यायला सांगितलं. अम्मी घडाघडा उतरत गेली आणि मध्येच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमच्या खुर्चीचा स्पंज बसलाय. पाठ धरेल. माझ्या मोठ्याकडे पाठवून द्या, तो चांगलं करतो. रागीट आहे, पण हात चांगला आहे."

डॉक्टरांनी विचारलं, "शव्वालचे किती रोजे झाले?"

"पाच," अम्मी म्हणाली, त्यांच्या डोळ्यांत बघून.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना हसू आलं असावं, कारण ते उगाच खिडकीकडे वळले. "स्मरणशक्ती उत्तम आहे. तुमची तपासू का?" असं मला म्हणाले. मग मात्र गंभीर झाले. साखर खाली-वर होतेय. रोजे बंद. एकही नाही.

अम्मीने मान हलवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "एकच राहिलाय."

मी खूप बोललो. म्हणजे ओरडलोच. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. नियम मोडला, पण अम्मीसाठी मोडलेला धरायचा की नाही, ते इमामसाहेबांना विचारायला हवं.

विचारलं, संध्याकाळी. नियमाचं त्यांनी मनावरच घेतलं नाही. म्हणाले, "ज्याने शरीराला अपाय होईल तो रोजा त्यांच्यावर नाहीच. त्यांना सांगा, मनापासून ठरवलंत, नियत केली, तेवढ्याने पोचलं." अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्याकडे पोचलं असेल. माझं इथलं काम राहिलंय." काय काम, ते सांगितलं नाही.


गुरुवार

आजचं लिहून ठेवतो.

दुपारी बायकोने वरून हाक मारली. अशी हाक तिने कधी मारली नव्हती. मी धावलो. अम्मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती, घामाने चिंब, ओठ पांढरे. आज सकाळी चहा घेतला म्हणून सांगितलं होतं तिने. घेतला नव्हता. बायको साखरेचं पाणी चमच्याने भरवत होती. मी फोन घेतला. लावला कुणाला, तर धाकट्याला. डॉक्टरांना नाही, रिक्षाला नाही. "अम्मी" एवढंच म्हणालो. तो गाडी घेऊन दारात आला तेव्हा त्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती.

आता बरी आहे. साखर फार उतरली होती. आजचा दिवस दवाखान्यात ठेवलंय, बायको जवळ आहे.

आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, "एक रोजा राहिला म्हणून जीव घालवत होती. मोजता येत नाही तिला आता."

धाकटा म्हणाला, "भाई, तिचे सहा कधीच झाले."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, तुलाही माहीत आहे, आणि तू मुद्दाम दाखवत नाहीस." तो टेपची गुंडाळी करायला लागला. "मी म्हणालो होतो ना, तुझे सहा झाले की निघतो. मग तिने सहा होऊच दिले नाहीत. मला रोज वाटायचं, आज सांगावं तिला, की अम्मी, पुरे. पण सांगितलं की निघावं लागलं असतं. आणि ती हाक मारायची, चादर पसरलेली असायची. मलाही... माझीच चूक आहे. मी हे आधीच थांबवायला हवं होतं."

समोरच्या भिंतीपाशी एक माणूस सिगरेट ओढत होता. मी त्याच्याकडे बघत होतो, पण मागावीशी वाटली नाही. आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मी म्हटलं, "माझ्याकडे काम फार झालंय सध्या."

"हं."

"मोठे सोफे एकट्याने होत नाहीत."

"माणूस ठेव. चांगली माणसं मिळतात."

"माणूस नकोय." माझा आवाज चढला. परिचारिकेने दारातून बोट ओठावर ठेवलं. मी खाली बघून म्हटलं, "जाऊ नकोस."

तो हसला नाही. नेहमी हसतो. "काम आहे म्हणून?"

"संध्याकाळी जेवायला कुणी नसतं."

"भाभी असते. वकीलीण असते. अम्मी असते."

"तू नसतोस," मी म्हटलं.

त्याने काही उत्तर दिलं नाही. मीही मागितलं नाही. मागायची भीती वाटली, हे खरं.


शनिवार

अम्मी काल घरी आली. आम्ही तिला ताकीद दिली, रोजा नाही. तिने आज्ञाधारकपणे सकाळी दूध घेतलं, दुपारी जेवली, आणि खिडकीशी जाऊन बसली ती उठेना. संध्याकाळ व्हायला लागली तशी माझं कामातलं लक्ष उडालं. खिळा एकीकडे, हातोडी दुसरीकडे. आज रोजा नाही, निमित्त नाही, तो कशाला येईल? त्याचं सामान बांधून झालं असेल. फोन करावा म्हटलं तर काय बोलायचं ते कळेना.

अजान झाली. वर गेलो. बायकोने चादर पसरली होती. मी विचारलं, "रोजा कुणाचा आहे?" ती म्हणाली, "कुणाचा नाही. बसा." वकीलीण बसलेलीच होती. अम्मीला हात धरून आणलं. चौघंच. कुणी ताटाला हात लावेना, आणि का लावत नाही हेही कुणी बोलेना.

मग जिन्यावर पावलं वाजली. धाकटा आला, हातात पाव, अजून गरम. "उशीर झाला. बेकरीत रांग होती," म्हणाला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला, भिंतीला टेकून.

जेवण अर्धं होईपर्यंत कुणी विचारलं नाही. शेवटी वकीलिणीने तोंड उघडलं. "काका, कारखान्याचं काय झालं?"

"कळवलं त्यांना."

"काय?"

"की आमच्या आईचे रोजे अजून संपलेले नाहीत." त्याने पाव तोडला. "त्यांनी दुसरा माणूस बघितला. भाई, उद्या सकाळी तो दाराजवळचा सोफा काढू या. त्याच्या स्प्रिंगा तू चुकीच्या बांधल्यायस."

"चुकीच्या?" मी म्हटलं. "मी तुला शिकवलं स्प्रिंगा बांधायला!"

"म्हणूनच मला कळतं."

माझा आवाज चांगलाच चढला. सगळे हसायला लागले, अम्मी सगळ्यात जास्त. तिला ठसका लागला, मग बायकोने पाणी दिलं.


बुधवार

चार दिवस लिहायला सवडच झाली नाही. फजर एकदा साधली, दोनदा हुकली, आज अम्मीने अंगठा ओढला म्हणून साधली. सिगरेट नाही. कुराणाचं पान वकीलीण आणि मी मिळून वाचतो, ती माझे उच्चार सुधारते. दुकानातल्या आवाजाबद्दल न लिहिलेलं बरं. धाकट्याने आपलं शिवणयंत्र उचलून इथे आणलंय आणि माझी चांगली जागा बळकावलीय. इमामसाहेबांचं ऐकून मी मनात चार ठरवले होते. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं, हा प्रश्नच आहे.

आज दुपारी अम्मीच्या पायाला तेल लावत होतो. म्हटलं, "अम्मी, धाकट्यासाठी एवढा जीव धोक्यात घालायचा? मला सांगितलं असतंस तर मीच त्याला थांबवलं असतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धाकट्यासाठी कशाला? त्याला काय, हसता येतं. जाईल तिथे चार माणसं जोडेल. खोली मिळत होती, मान मिळत होता. सुखाने राहिला असता तो."

"मग?"

"मला तुझी काळजी होती रे."

माझी? माझं काय? घर आहे, बायको-मुलगी आहे, दुकान चालतंय. अम्मीला अजून अशक्तपणा असावा. डॉक्टरांना सांगून एखादं टॉनिक लिहून घ्यायला हवं.

खालून धाकट्याने हाक मारली. "भाई, ये लवकर! एकट्याने ताणलं जात नाहीये!" मी हाताचं तेल पुसलं आणि खाली गेलो.